काहिलीची किल्ली

भोगावतीच्या काठच्या कुरणवाडीत लोक घराला कुलूप लावत नाहीत असं नाही. लावतात, दोनदा ओढून पाहतात, आणि मग किल्ली शेजारच्या घरात देऊन गावाला जातात. शेजारी घरात नसला तर त्याच्या घराची किल्ली त्याच्या शेजाऱ्याकडे असतेच. यात कुणाला कधी काही वावगं वाटलेलं नाही. २०४१ साली जानेवारीत समीक्षा डोंगळे वडिलांच्या गुऱ्हाळात बसून तिथल्या संगणकाला कुलूप घालत होती, तेव्हा तिलाही या रीतीची आठवण झाली नाही. व्हायला हवी होती.

समीक्षा एकोणतीस वर्षांची. पाच वर्षं पुण्यात परक्यांच्या संगणकांची राखण केली, मग एके दिवशी सामान बांधून घरी आली आणि गुऱ्हाळ बघू लागली. गुऱ्हाळ तिच्या वडिलांचं, विश्वास डोंगळ्यांचं. त्यांना अख्खा गाव आण्णा म्हणे आणि तीही आण्णाच म्हणे. पण मालक आण्णा असले तरी गुऱ्हाळात शब्द चाले तो केरबातात्यांचा. केरबा चरापले हे तिथले गुळव्या.

उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईत, आटत जातो, फेसाळतो, सोनेरी होतो आणि एका क्षणी त्याचा गूळ होतो. तो क्षण ओळखून काहील उतरवायला सांगणं हे गुळव्याचं काम. अर्धं मिनिट लवकर उतरवली तर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आकार धरत नाही. अर्धं मिनिट उशीर झाला तर करपट वास लागतो. तापमापक लावून हे जमेल असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण खोडव्याचा ऊस वेगळा, लागणीचा वेगळा, मळईच्या रानातला वेगळा आणि खारवट रानातला त्याहून वेगळा. प्रत्येकाचा क्षण निराळा. तात्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकत, दोन बोटांत त्याची गोळी वळत, आणि बोटांना कळलेलं तोंडाने सांगत. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

गेल्या दिवाळीत तात्या काहिलीखालच्या चुलवाणापाशी सांडलेल्या, रसावरून काढलेल्या मळीवरून घसरले आणि खुबा मोडला. नवा खुबा बसला, पण डॉक्टरांनी जाळासमोर उभं राहायची बंदी केली. मुलगी सारिका त्यांना पुण्याला आपल्या आठव्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेली. ते निघाले त्या दिवशी आण्णा मुद्दाम बाजाराला म्हणून निघून गेले, आणि आण्णा परत येईपर्यंत तात्या मुद्दाम थांबले नाहीत. दोघांनाही निरोप घ्यायचा धीर नव्हता. पण धीर नव्हता असं कबूल करण्यापेक्षा रुसून बसणं सोपं असतं, म्हणून दोघे रुसले. चाळीस वर्षांची जोडी, आणि फोनवरसुद्धा बोलणं बंद.

आण्णांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या हंगामाला स्वयंचलित यंत्र येणार. रस ओतायचा, बटण दाबायचं, गूळ घ्यायचा. समीक्षाने पलीकडच्या गावात त्या यंत्राचा गूळ खाऊन पाहिला होता. वाईट नव्हता. फक्त सोमवारचा, मंगळवारचा आणि बुधवारचा गूळ एकच होता. तिने आण्णांना चवीच्या, उसाच्या, नावलौकिकाच्या गोष्टी सांगितल्या. खरं कारण तिने सांगितलं नाही. खरं कारण असं की तिला तात्या हवे होते. तिला आकडे आले ते तात्यांच्या खांद्यावर बसून रवे मोजताना, आणि त्या माणसाने आठव्या मजल्यावर टीव्ही बघत म्हातारं व्हावं हे तिला सहन होत नव्हतं.

म्हणून तिने सुचवलं की तात्यांनी पुण्यात बसून इथली काहील उतरवावी.

आण्णा हसले. म्हणाले, ‘‘म्हंजे उंटावरनं शेळ्या हाकायच्या.’’

‘‘हो. शेळ्या ऐकतील असं मी करते.’’

आण्णांनी मुदत घातली. हंगाम संपायच्या आत सरकारी दाखला मिळाला तर केरबा गुळव्या राहील. नाही मिळाला तर पाडव्याला यंत्र दारात.

दाखला कशाला लागतो, ते सांगायला हवं. जुनी संगणकी कुलपं एका साध्या गणितावर उभी होती. दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणं हे हजारो वर्षांचं काम. क्वांटम संगणक आले आणि हजारो वर्षांचं काम एका दुपारात आटोपू लागलं. जगभरची दारं सताड उघडी पडली. दूरदेशीच्या एका कारखान्याची भट्टी कुणा अनोळखी माणसाने तिसऱ्याच देशात बसून पेटवून दाखवली, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. नवं गणित आलं, नवी कुलपं आली आणि त्यांच्याबरोबर नियमही आले. जिथे जाळ लांबून चालवायचा, तिथे एक नाव, एक माणूस, एक किल्ली, आणि त्याने दिलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद. गुऱ्हाळासाठी एकवीस आधणं, म्हणजे रसाच्या एकवीस काहिली, अशा रीतीने उतरवून दाखवायच्या. मग दाखला.

समीक्षाने कामाला हात घातला. दोन गोष्टी हव्या होत्या, बोट आणि दार.

बोट विकत मिळालं. नुकताच एक नवा पदार्थ निघाला होता. वीज कमीजास्त केली की तो लोण्याइतका मऊ किंवा लाकडाइतका कडक होई. त्याची तळहाताएवढी गादी पुण्यात तात्यांसमोर राहणार होती. इकडे काहिलीवर एक पोलादी हात, त्याला रबराची दोन बोटं. ती पाकाचा थेंब उचलत, गार पाण्यात टाकत आणि गोळी वळत. गोळी जितकी घट्ट, तितकी ती गादी तिकडे घट्ट होई. तात्यांनी गादीवर बोटं फिरवली की इकडची बोटंही तशीच फिरत. चित्र पाठवायची गरज नव्हती. कुरणवाडीच्या नेटवर्कवर चित्र गोठून बसे, पण अक्षरं आणि बोटांचा दाब एवढं बिनबोभाट जाई. म्हणून तिने जुनाच मार्ग निवडला. काळा पडदा, त्यावर लिहिलेले हुकूम आणि त्यांना आलेली उत्तरं. याला टर्मिनल म्हणतात. पडदा पुण्यात, आणि हुकूम पाळणारा संगणक गुऱ्हाळात.

राहिलं दार. गुऱ्हाळाच्या संगणकावर तिने बाहेरून येणाऱ्यांसाठी एक दार उघडलं आणि नुसत्या पासवर्डने आत शिरायची सोय बंद केली. ती बंद करण्याआधी दुसऱ्या पडद्यावरून आपण आत येऊ शकतो ना हे पाहून घेतलं, कारण ज्या फांदीवर बसले तीच तोडणारे शहाणे तिने पुण्यात पुष्कळ पाहिले होते. मग यादी केली. यादीत एकच ओळ, केरबा चरापले. जोडणी तुटली तर चुलवाणाची झडप आपोआप पडून जाळ दबेल, अशीही व्यवस्था केली.

पुण्याला जाऊन तिने तात्यांना सगळं समजावलं. ही किल्ली जोडीने जन्माला येते, तात्या. एक कुलूप आणि एक किल्ली. कुलूप कुणालाही द्या, चव्हाट्यावर टांगा, काही बिघडत नाही. तुमचं कुलूप मी गुऱ्हाळात नेणार. तुम्ही आत येऊ म्हणालात की आपला संगणक त्या कुलपात एक कोडं घालून तुमच्याकडे पाठवणार. ते ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच सुटतं, आणि किल्ली तुमच्या हातातून कुठेही जात नाही. नखाएवढ्या धातूच्या तुकड्यात ती होती. शिवाय ती जागी करायला एक परवलीचं वाक्य लागे. तात्यांनी आपल्या सहा बैलांची नावं ओळीने सांगितली. पहिल्यांदा जोडलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला की समोरचं यंत्र ओळखीचं नाही, त्याची ओळख म्हणून हे बारा शब्द त्याच्याकडच्या शब्दांशी जुळतात का? समीक्षाने न वाचता ‘हो’ दाबलं. सगळं जग तसंच करतं.

वीस आधणं अशी झाली की आण्णांनाही खोट काढता येईना. पडद्यावर तात्यांची अक्षरं उमटत. ‘जाळ कमी.’ ‘मळी काढा.’ ‘थांबा.’ एकदा तर ‘कोण झोपलं हाय तिथं’ असंही उमटलं आणि खरोखरच जाळ घालणारा चुलवाणापाशी डुलकी घेत होता. गूळ तोच, पूर्वीचा. आण्णा मात्र आधणाच्या वेळी गुऱ्हाळात थांबत नसत. काहील चढली की त्यांना रानात काहीतरी काम निघे.

एकविसाव्या आधणाला पडद्यावर उमटलं, ‘कृपया जाळ थोडा कमी करावा.’

समीक्षाला वाटलं, नव्या खुब्याबरोबर तात्यांना नवा स्वभावही बसला. मग ‘काहील उतरवावी, धन्यवाद’ असं आलं. नेहमीपेक्षा जरा लवकरच. काहील उतरली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला, घोटला, साच्यांत भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकी सोडली तर रवे बसके. कडा ढासळलेल्या, मध्ये पोट सुटलेलं. तिने एक खडा तोंडात टाकला. तो दाताला न लागता विरघळला. असा सुंदर गूळ तिने खाल्ला नव्हता, आणि तो तात्यांचा नव्हता.

तिने बोटांच्या नोंदी काढल्या. गादीवरच्या बोटांचा दाब संगणक टिपून ठेवत होता. वीस आधणांत एकच चाल होती, गोळी तीनदा गोल, मग अंगठ्याने एक दाब. एकविसाव्यात नुसती चिमूट, दोनदा. दाखल्याचे कागद भरून तयार होते. खाली तिची सही तेवढी राहिली होती, की ही एकवीस आधणं यादीतल्या माणसानेच उतरवली.

तिने तात्यांना फोन लावला. तात्यांनी काडीचाही संकोच न करता सांगून टाकलं.

‘‘व्हय, ते कुमुदताईंनी उतरवलं. मी खुब्याचा फोटो काढाय गेलो हुतो, तिथं ही रांग. आधान तर चढलेलं. मग त्यांना फोन केला, म्हटलं बसा जरा.’’

‘‘त्यांच्याकडे किल्ली कशी आली?’’

‘‘त्यांच्याकडंच असती की. घराची आनि काहिलीची, दोन्ही एकाच कड्यात घातल्यात. शेजारीण हाय माझी.’’

‘‘आणि परवलीचं वाक्य?’’

‘‘बैलांची नावं व्हय? ती तर अख्ख्या मजल्याला पाठ हैत.’’

कुमुदताई नाबर मूळच्या वेंगुर्ल्याच्या. पंचवीस वर्षं खानावळ चालवून आता मुलाकडे पुण्यात होत्या. त्यांनी फोन घेतला आणि काळजीने विचारलं, ‘‘मी लाडवाच्या पाकावर उतरवलं गो. चुकलं काय?’’ त्यांच्यावर रागावणं समीक्षाला जमलं नाही. तिला राग स्वतःचा आला. कुलूप वाटा आणि किल्ली जपा, हे ती कुणाला सांगत होती? ज्या गावात कुलूप जागेवर राहतं आणि किल्लीच हिंडते, त्या गावच्या माणसाला.

आण्णांचं मत सरळ होतं. गूळ झाला, कुणाचं काही जळलं नाही, कशाला सांगायला जायचं? हात दाखवून अवलक्षण. ती नोंद समीक्षाच्याच हाती होती. एक ओळ इकडची तिकडे केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि तात्या गुळव्या राहिले असते. ती सकाळभर त्या ओळीसमोर बसली. शेवटी तिच्या लक्षात आलं की दारात कोण आलं ते खरं सांगणारा संगणक तिने दोन महिने खपून उभा केला होता. तो खरं बोलणार आणि ती खोटं, तर त्याच्यापेक्षा आण्णांचं बटणाचं यंत्र काय वाईट?

तिने तपासनीस फरजाना मुजावर यांना फोन करून सगळं सांगितलं. आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या हाती गेलेली किल्ली रद्द केली. यादीतली ती एकच ओळ पुसली. तात्यांना आधी सांगायचं तिला सुचलं नाही, की धीर झाला नाही, ते तिचं तिला ठाऊक.

दुपारी तात्यांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. ‘‘समू, पडद्यावर लिवलंय, परवानगी न्हाई. चाळीस वर्सं ज्या दारातनं चप्पल न काढता आत आलो, तिथं मला उभा केलास.’’

समीक्षाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. ती म्हणाली, ‘‘तात्या, मी तुम्हाला नाही अडवलं. मी त्या किल्लीला अडवलं. ती किल्ली आता तुमची एकट्याची राहिली नाही, म्हणजे तुमच्या नावाने कुणीही येऊ शकतं. मला तुमच्या नावाने तुम्हीच हवे आहात. दुसरं कुणी नको.’’

मग तात्यांनी विचारलं, की माणसाने एखादी किल्ली कुणाकडेच ठेवायची नाही, हे जरा एकटेपणाचं नाही का? समीक्षा म्हणाली, किल्ली आपली आपण ठेवायची. शेजारणीला आत घ्यायचं असेल तर तिला तिची किल्ली करून द्यायची आणि यादीत तिचं नाव लिहायचं, म्हणजे कोण आलं ते कळतं. तात्यांना हे पटलं. निदान फोन ठेवताना त्यांनी तिला शिव्या दिल्या नाहीत.

मुजावर मॅडम दोन दिवसांनी आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर, चहात साखर नको म्हणणाऱ्या. गुऱ्हाळात बसून चहात साखर नको म्हणणारी बाई आण्णांच्या मनातून तिथेच उतरली. मॅडमनी बोटांच्या नोंदी एकेक करून पाहिल्या. वीस आधणं एकाच हाताची आहेत हे त्यांनी मानलं. एकविसावं खोडलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘पहिल्यांदा जोडलंत तेव्हा बारा शब्द ताडून बघितले होते?’’

समीक्षाचे कान लाल झाले.

मॅडम म्हणाल्या, ‘‘दाराला तुम्ही विचारायला शिकवलंत, कोण आलंय म्हणून. पण येणाऱ्यानेही विचारायचं असतं, दार कुणाचं आहे ते. उद्या मध्येच कुणी दुसरं यंत्र आपल्या काहिलीचं सोंग घेऊन उभं राहिलं, तर तुमचे तात्या भलत्याच जाळाला हुकूम देत बसतील.’’ दोन्ही बाजूंच्या किल्ल्या नव्याने करायच्या, बारा शब्द ओळखीच्या माणसाकडून ऐकून ताडायचे, आणि शनिवारी त्यांच्यासमोर एक आधण उतरवायचं. रानात ऊसही एकाच काहिलीपुरता उभा होता. हे आधण साधलं तर तात्या राहणार होते. नाही साधलं तर पाडवा दहा दिवसांवर होता.

शनिवारी सकाळी आठला काहील चढली. आण्णा नेहमीप्रमाणे रानात निघाले, पण मुजावर मॅडमनी मालकाची हजेरी हवी म्हटल्यावर त्यांना थांबावं लागलं. ते दाराशी खांबाला टेकून उभे राहिले. रस तापू लागला. तात्यांनी पुण्यात नवी जोडी तयार केली होती, त्यांचं कुलूप यादीत चढलं होतं. आता त्यांच्या पडद्यावर बारा शब्द आले. समीक्षाने फोन स्पीकरवर टाकला आणि आपल्या पडद्यावरचे शब्द वाचायला सुरुवात केली.

‘‘थांब,’’ तात्या म्हणाले. ‘‘तू वाचू नगंस.’’

‘‘का?’’

‘‘तुझा आवाज मला पाठ हाय. पर आवाज काय, आजकाल यंत्रंबी काढत्यात. परवा सारिकाच्या आवाजात कुणीतरी मला बँकेचा नंबर इचारला. गुऱ्हाळ हाय का न्हाई ते मला गुऱ्हाळाच्या मालकानं सांगावं. इस्वासला दे.’’

गुऱ्हाळात सगळे आण्णांकडे बघू लागले. रस उकळीला आला होता, मळी वर येत होती. आण्णांनी खांब सोडला नाही. समीक्षाने फोन त्यांच्याजवळ नेला. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

‘‘मी हाय,’’ आण्णा शेवटी म्हणाले.

‘‘कशावरनं?’’

‘‘आता काय आधार कार्ड दावू?’’

‘‘मी गेलो त्या दिवशी बाजारात काय काय घेतलंस, ते सांग.’’

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. समीक्षाने वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते फोनला म्हणाले, ‘‘काय न्हाई घेतलं. बाजारात गेलोच न्हाई. फाट्यावरच्या एसटीच्या शेडात बसून हुतो. तुझी गाडी गेली ती बगितली. पांढरी. तू मागच्या शिटावर पाय लांब करून, खिडकीकडं तोंड.’’

तात्या म्हणाले, ‘‘मीबी तुला बगितलं. टोपी डोळ्यावर वढून बसलेला. गाडी थांबवावी म्हनलं. न्हाई थांबवली. वळखलं तुला, इस्वास. वाच आता, रस उतू चाललाय.’’

आण्णांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. पाटा, कणीस, घोंगडी, तराजू, सांडशी, मोहोर, उंबरा, डबा, चांदणं, वल्हं, गोफण, दिवा. प्रत्येक शब्दाला पलीकडून ‘‘हाय’’ येत होतं. बाराव्या शब्दाला ‘‘हाय’’ आलं आणि पडद्यावर ओळ उमटली की केरबा चरापले आत आले आहेत. एवढं सगळं नवं गणित, आणि त्याच्या मुळाशी एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला ओळखल्याशिवाय काही चालत नव्हतं. पुण्यात पाच वर्षं राखणदारी करून समीक्षाला हे कळलं नव्हतं.

मग मात्र काम सुरू झालं. ‘मळी काढा.’ ‘भेंडीचं पानी सोडा, मळी वर येऊ दे.’ ‘जाळ वाढवा.’ रस पिवळा झाला, मग केशरी, बुडबुडे मोठे होऊन जड आवाज करू लागले. रबराची बोटं पाण्यात गेली. गोळी तीनदा गोल वळली गेली आणि अंगठ्याचा एक दाब बसला. ‘थांबा.’ पुन्हा बोटं, पुन्हा गोळी. या वेळी आण्णा रानात गेले नाहीत. ते काहिलीच्या कडेला उभे होते, दांड्याला हात घालून. मग पडद्यावर एक शब्द आला.

‘उतरा.’

काहील उतरली. गूळ वाफ्यात पसरला, तसा मॅडमनी पुढे होऊन घोटणाऱ्याकडून खुरपं घेतलं, थोडा गूळ त्यावर उचलला, धार पाहिली, थंड झालेला कडेचा तुकडा दोन बोटांनी मोडला. ‘‘ट’’ असा आवाज आला. चहात साखर नको म्हणणाऱ्या बाईने तो तुकडा खाल्ला आणि आणखी एक उचलला. आण्णांच्या मनात त्या परत चढल्या. दाखल्यावर सही झाली. ‘जबाबदार माणूस’ या रकान्यात त्यांनी केरबा चरापले असं नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि निघताना समीक्षाला म्हणाल्या, ‘‘तुम्ही आपणहून फोन केला नसता तर हे मला कधीच कळलं नसतं, हे मी वर लिहिणार आहे.’’

दुपारपर्यंत बाकीच्या गोष्टीही मार्गी लागल्या. आण्णांनी यंत्रवाल्याला फोन करून पाडव्याला येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर जागा नाही म्हणाले. कुमुदताईंनी आपलं स्वतःचं कुलूप पाठवलं. पुढच्या हंगामात त्यांच्या नावाने लाडवाचा मऊ गूळ काढायचा, त्यासाठी वेगळी परवानगी मागायची, हे तात्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. समीक्षाने कुमुदताईंचं नाव वेगळ्या वहीत टिपून ठेवलं.

जाळ विझला होता. माणसं नुकतीच जेवायला गेली होती. समीक्षा जोडणी बंद करायला संगणकापाशी आली तर खुर्चीत आण्णा बसलेले. फोन कधीच ठेवला होता. साचे भरेपर्यंत तात्यांचे हुकूम येत होते, म्हणून त्यांचं नाव पडद्यावर अजून होतं. त्यांनीही तिकडून बंद केलेलं नव्हतं. आण्णा एका बोटाने अक्षरं शोधत होते. त्यांनी लिहिलं, ‘जेवलास का.’

उत्तर यायला सहा मिनिटं लागली. ‘व्हय. भाकरी न्हाई इथं. चपाती.’

आण्णा त्यावर विचार करत बसले. फोनवर या दोघांना जे जन्मात बोलता आलं नसतं, ते आता अक्षराअक्षराने येणार होतं आणि त्याला वेळ लागणार होता. पण दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही तर संगणक आपण होऊन दार लावून घेतो. तशीच सूचना समीक्षाने त्याला दिली होती. ती मागे उभी राहून घड्याळ बघत होती. आण्णांनी एक अक्षर लिहिलं, पुसलं आणि बोट तसंच वर धरून थांबले.

नऊ मिनिटं झाली तेव्हा समीक्षाने त्यांच्या खांद्यावरून हळूच हात पुढे नेला, एक कळ दाबली आणि पुन्हा मागे सरून उभी राहिली.